मोजलेली बातमी, राजदूतांच्या टेबलावर

18 जुलै 2020 रोजी युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची, म्हणजे ओएससीईची, चार सर्वोच्च पदं एकाच दिवशी रिकामी झाली. त्यातलं एक होतं माध्यमस्वातंत्र्य प्रतिनिधीचं. त्या पदावर असलेले फ्रान्सचे माजी मंत्री आर्लेम देझिर यांना मुदतवाढ द्यायला अझरबैजाननं नकार दिला. आपल्या देशातल्या माध्यमांच्या स्थितीवर ते गरजेपेक्षा जास्त बोलतात, ही तक्रार. ताजिकिस्ताननंही हात आखडता घेतला. या संघटनेत 57 देश आहेत आणि कारभार एकमतानं चालतो. एकानं मान हलवली नाही की गाडं अडलं. मग रागारागात बाकीच्या नेमणुकाही एकमेकांत अडकल्या आणि डिसेंबरात पोर्तुगालच्या तेरेझा रिबेरो येईपर्यंत ती खुर्ची रिकामीच राहिली.

एखाद्या देशातली वर्तमानपत्रं आणि वाहिन्या कशा वागतात हे परक्या देशांच्या राजदूतांपुढे मांडणं, हा वरवर अगदी कंटाळवाणा उद्योग आहे. तक्ते, टक्केवारी, सेकंदांचे हिशेब. तरीही त्यावरून सरकारं इतकी चिडतात, म्हणजे तक्त्यात काहीतरी झोंबणारं असणारच. व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यात दर गुरुवारी ओएससीईच्या कायम परिषदेची बैठक भरते. तिथे माध्यम प्रतिनिधी ठराविक काळानं अहवाल वाचतो आणि ज्या देशाचं नाव निघालं त्याचा राजदूत लगेच उत्तर देतो. पहिले प्रतिनिधी फ्रायमुट डुवे हे जर्मन खासदार, त्याआधी प्रकाशनसंस्थेत संपादक. 1998 पासून आजवर या पदावर आलेल्या प्रत्येकाला हे उत्तर ऐकून घ्यावं लागलं आहे : तुमची माहिती एकांगी आहे, तुमचे स्रोत आमचे विरोधक आहेत, आणि आधी तुमच्या घरचं पाहा.

या तीन आक्षेपांना उत्तर देता येतं की नाही, यावरच या सगळ्या कामाची किंमत ठरते.

मुळात वृत्तपत्रं वाचून त्यांचा गोषवारा वरच्यांपुढे ठेवणं ही राज्यकर्त्यांची जुनी सवय. मुंबई इलाख्यात सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी वृत्तपत्रांवरचा साप्ताहिक गोपनीय अहवाल तयार होत असे. मराठी, गुजराती, उर्दू पत्रांतून निवडलेले उतारे इंग्रजीत उतरवायचे, विषयवार लावायचे आणि वर पाठवायचे. कोणता उतारा घ्यायचा हे कचेरी ठरवी. सरकारवर टीका करणारं वाक्य लगेच उचललं जाई. विहिरींच्या दुरुस्तीविषयीचं किंवा शाळेच्या वर्गणीविषयीचं मागे राही. त्यामुळे ज्यानं फक्त हे अहवाल वाचले त्याला महाराष्ट्रातली वृत्तपत्रं अहोरात्र राजद्रोहच करत होती असं वाटलं तर नवल नाही. गंमत अशी की त्या काळातल्या कित्येक लहान पत्रांचे अंक आज कुठेच सापडत नाहीत, आणि अभ्यासकांना त्याच गोपनीय अहवालांच्या दारात उभं राहावं लागतं. पहारेकऱ्याची वहीच आता इतिहासाचं साधन झाली आहे.

दुसऱ्या महायुद्धात हे काम रेडिओवर गेलं. बीबीसीनं 1939 मध्ये परदेशी प्रक्षेपणं ऐकणारा विभाग काढला, अमेरिकेनं 1941 मध्ये. अमेरिकी विभागाचा पहिला विश्लेषण अहवाल 6 डिसेंबर 1941 चा आहे आणि जपानी रेडिओचा सूर जास्तच आक्रमक झाल्याची नोंद त्यात होती. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो दुसऱ्या दिवशी. पुढे प्रत्येक मोठ्या वकिलातीत स्थानिक वृत्तपत्रांचा सूर मायदेशी कळवणं हे नेमाचं काम झालं. अमेरिकी दूतावास तर ‘मीडिया रिअ‍ॅक्शन’ या शीर्षकाच्या तारा पाठवत. 2010 नंतर फुटलेल्या तारांच्या ढिगात त्या कितीतरी सापडल्या. म्हणजे राजदूताला वृत्तपत्रांचं सार हवं असतंच. नवी गोष्ट इतकीच की गेल्या तीसेक वर्षांत ते सार त्या-त्या देशातले लोकच मोजून, पद्धत सांगून, त्याच्यापुढे ठेवू लागले.

ते मोजतात कसं? समजा संध्याकाळी सातचं बातमीपत्र चालू आहे. तिसरी बातमी : पंतप्रधानांनी नदीवरच्या पुलाचं उद्घाटन केलं, लांबी 74 सेकंद. निरीक्षक हेडफोन लावून ती तीनदा पाहतो. पंतप्रधान किती सेकंद दिसले, किती सेकंद स्वतःच्या आवाजात बोलले, आणि निवेदकानं त्यांच्याविषयी किती सेकंद सांगितलं, हे वेगवेगळ्या रकान्यांत जातं. मग सूर : एक म्हणजे भरभरून कौतुक, तीन म्हणजे तटस्थ, पाच म्हणजे उघड निंदा. स्लोव्हाकियाची ‘मेमो 98’ ही संस्था अशीच पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरते. खरी डोकेदुखी पुढेच. पंतप्रधान हेच उमेदवारही आहेत. पूल सरकारच्या खात्यात टाकायचा की प्रचाराच्या? निवडणूक निरीक्षणात ही गाठ कायमची आहे, आणि तिचं उत्तर आधी लिहून ठेवलेलं नसेल तर आकडा हवा तसा वळतो. म्हणून एकच बातमीपत्र दोघांनी स्वतंत्रपणे भरायचं आणि त्यांचं किती जमतं हे तपासायचं. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांच्या नावानं ओळखला जाणारा अल्फा निर्देशांक साधारण 0.80 च्या वर असेल तरच अभ्यासक त्या नोंदींवर विसंबतात. राजदूतांपुढे जाणाऱ्या सादरीकरणात हा आकडा बहुधा शेवटच्या पानावर असतो. तो पहिल्या पानावर असावा असं या लेखकाचं मत आहे.

‘मेमो 98’ चा जन्मच एका निवडणुकीतला. 1998 मध्ये स्लोव्हाकियात व्लादिमिर मेचिआर यांचं राज्य होतं आणि सरकारी दूरचित्रवाणी त्यांची पाठराखण करत होती. हे सगळ्या देशाला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. संस्थेतल्या तरुण मंडळींनी दर काही दिवसांनी तक्ते जाहीर केले, पत्रकारांना दिले, ब्रातिस्लाव्हातल्या वकिलातींना दिले. ते तक्ते वजनदार ठरले, कारण समोर बसलेल्यांच्या हातात काहीतरी होतं. डिसेंबर 1997 मध्ये युरोपीय संघानं स्लोव्हाकियाला प्रवेश-वाटाघाटींच्या पहिल्या फळीतून वगळलं होतं आणि कारण लोकशाहीतल्या त्रुटींचं दिलं होतं. सप्टेंबर 1998 च्या निवडणुकीत मेचिआर यांचा पक्ष थोडक्यात पहिला आला, पण सरकार विरोधकांचं झालं आणि दोन वर्षांत वाटाघाटींचं दार उघडलं. तक्त्यांनी सरकार पाडलं असं म्हणणं पोरकटपणाचं. तक्त्यांमुळे ‘सरकारी वाहिनी पक्षपाती आहे’ हे वाक्य राजकीय आरोप न राहता टक्केवारी झालं, एवढं मात्र खरं.

आता त्याच्या दोन वर्षं आधीची रशियाची निवडणूक पाहा. 1996 मध्ये बोरिस येल्तसिन कम्युनिस्ट उमेदवार गेन्नादी झ्युगानोव यांच्याविरुद्ध उभे होते. युरोपियन इन्स्टिट्यूट फॉर द मीडिया या संस्थेनं रशियन माध्यमांचं निरीक्षण केलं. पहिल्या फेरीआधीच्या प्रचारकाळात येल्तसिन यांच्या वाट्याला 53 टक्के प्रसिद्धी आली, झ्युगानोव यांच्या वाट्याला 18 टक्के. अनुकूल बातमीला अधिक एक, प्रतिकूल बातमीला उणे एक असा हिशेब मांडला तर येल्तसिन अधिक 492 वर गेले आणि झ्युगानोव उणे 313 वर. खाजगी एनटीव्ही वाहिनीचे प्रमुख इगोर मालाशेंको येल्तसिन यांच्या प्रचारयंत्रणेत सामील झाले होते, हेही लपलेलं नव्हतं. एवढे नागडे आकडे क्वचितच मिळतात. तरीही पाश्चात्त्य राजधान्यांत त्यावरून फारशी खळबळ झाली नाही. त्याच वसंतात नाणेनिधीनं रशियाला 10 अब्ज डॉलरहून मोठं कर्ज मंजूर केलं होतं, आणि कम्युनिस्ट परत येऊ नयेत ही सगळ्यांचीच इच्छा होती. आकडा त्याच जातीचा. ब्रातिस्लाव्हात तो पुरावा ठरला आणि मॉस्कोत तळटीप. पुढच्या काळात तीच माध्यमयंत्रणा दुसऱ्या माणसाच्या हाती गेली, तेव्हा या तळटिपेची आठवण कित्येकांना झाली.

राजदूत काही निष्पक्ष परीक्षक नसतो; तो आपल्या सरकारचा नोकर असतो. तीन-चार वर्षांसाठी आलेला, स्थानिक भाषा जेमतेम येणारा, राजधानीला पाठवायच्या दीड पानात बसेल एवढंच त्याला हवं असतं. हे मान्य न करता त्याच्यापुढे दोनशे पानांचा अहवाल ठेवणारे संशोधक निराश होऊन परततात.

भाषेचा अडसर किती भयंकर ठरू शकतो हे रवांडात दिसलं. आरटीएलएम ही रेडिओ वाहिनी जुलै 1993 मध्ये सुरू झाली. तिची फ्रेंच भाषणं वकिलातींना कळत होती. किन्यारवांडा भाषेतला विखार बहुतेकांच्या कानांबाहेर राहिला. त्याआधी डिसेंबर 1990 मध्ये ‘कांगुरा’ या पत्रानं तुत्सींविरुद्ध दहा कुप्रसिद्ध आज्ञा छापल्या होत्या, आणि त्याच अंकाच्या मागच्या पानावर रवांडाचा खरा मित्र म्हणून फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांचं छायाचित्र होतं. इतका सरळ पुरावा हाताशी असूनही तो नीट लावून, मोजून, मोठ्या देशांपुढे ठेवणारी यंत्रणा तिथे नव्हती. एप्रिल 1994 मध्ये संहार सुरू झाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी हा रेडिओ बंद पाडा म्हणून मागणी केली. पेंटागॉनच्या 5 मे च्या टिपणात उत्तर होतं की हे परिणामकारक ठरणार नाही, आणि प्रक्षेपण अडवणाऱ्या विमानाच्या उड्डाणाला तासाला 8,500 डॉलर खर्च येईल. नंतर मात्र त्याच प्रक्षेपणांच्या ध्वनिफिती आणि ‘कांगुरा’चे अंक अरुशाच्या न्यायाधिकरणात पुरावा झाले आणि डिसेंबर 2003 मध्ये तिघा माध्यमवाल्यांना शिक्षा झाली. मोजणी झाली ती अशी, प्रेतं मोजून झाल्यावर.

त्याच 1994 सालच्या डिसेंबरात तादेउश माझोविएत्स्की यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगासाठी माजी युगोस्लाव्हियातल्या माध्यमांवर खास अहवाल दिला. या कामाला त्यांच्याहून योग्य माणूस सापडणं कठीण होतं. ते स्वतः पोलंडमधल्या ‘सॉलिडॅरिटी’ चळवळीच्या साप्ताहिकाचे पहिले संपादक, 1989 मध्ये झालेले पोलंडचे पहिले बिगर-कम्युनिस्ट पंतप्रधान; सेन्सॉरची कात्री त्यांनी सोसली होती आणि सरकारही चालवलं होतं. त्यांनी सर्ब, क्रोएट आणि बोस्नियन तिन्ही बाजूंच्या माध्यमांची झाडाझडती घेतली.  जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनित्सा पडल्यावर, जगाच्या निष्क्रियतेला कंटाळून त्यांनी पदाचा राजीनामा दिला. बोस्नियातल्या सर्ब दूरचित्रवाणीचे मनोरे आंतरराष्ट्रीय सैन्यानं ताब्यात घेतले ते ऑक्टोबर 1997 मध्ये.

स्लोव्हाकियापासून इथवरची उदाहरणं आपल्याच देशातल्या किंवा तटस्थ मंडळींनी केलेल्या निरीक्षणाची. दुसऱ्या प्रकारात एक पक्ष शत्रूची वृत्तपत्रं वाचून दाखवतो. इगाल कार्मोन हे इस्रायली लष्करी गुप्तचर खात्यातले निवृत्त कर्नल. 1998 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘मेमरी’ ही संस्था काढली. अरबी आणि फारसी माध्यमांतले उतारे आणि चित्रफिती इंग्रजीत आणून ती पत्रकार आणि मुत्सद्द्यांना मोफत पुरवते. काम कष्टाचं आणि उपयोगी आहे, यात शंका नाही. पण 2002 मध्ये ‘गार्डियन’च्या ब्रायन व्हिटेकर यांनी घेतलेला आक्षेप आजही निकाली निघालेला नाही : वाईटातलं वाईट निवडायचं आणि तेच अरब जगाचं रोजचं बोलणं म्हणून दाखवायचं, हा ढंग पक्षपाती आहे. निवडलेला प्रत्येक उतारा खरा असू शकतो आणि एकूण चित्र तरीही खोटं. मुंबईच्या त्या जुन्या कचेरीतला दोष हाच होता.

याला एक चांगलं उत्तर इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भूमीतच मिळालं. पंतप्रधान राबिन यांच्या हत्येनंतर निघालेली इस्रायली संस्था ‘केशेव’ आणि पॅलेस्टिनी संस्था ‘मिफ्ताह’ यांनी एकत्र प्रकल्प केला. ‘केशेव’नं इस्रायली माध्यमं तपासली, ‘मिफ्ताह’नं पॅलेस्टिनी. ज्याचं घर त्यानंच झाडायचं. युरोपीय राजनैतिक मंडळींना असे अहवाल रुचणं साहजिक होतं. तिथल्या परिस्थितीवर त्यांचा परिणाम किती झाला हे वर्तमानपत्र उघडलं की दिसतं. पण ‘तुमचे स्रोत आमचे विरोधक आहेत’ हा आक्षेप या मांडणीपुढे तरी लटका पडतो.

सर्वांत चिवट प्रयोग मात्र स्त्रियांच्या गटांनी केला. 18 जानेवारी 1995 या एका दिवशी 71 देशांतल्या स्वयंसेवकांनी आपापल्या देशातल्या बातम्यांत स्त्रिया किती दिसतात हे मोजलं. उत्तर आलं 17 टक्के. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत सरकारांच्या प्रतिनिधींपुढे तो आकडा गेला आणि परिषदेच्या कृती-कार्यक्रमात माध्यमांवर स्वतंत्र प्रकरण आलं. दर पाच वर्षांनी ही मोजणी होते. 2020 मध्ये 116 देशांतून आलेला आकडा 25 टक्के होता. पंचवीस वर्षांत आठ टक्केबिंदूंची वाढ. हा वेग पाहून कुणी हसेल, पण हा आकडा कुण्या एका सरकारनं नाकारला असं होत नाही, कारण तो कुण्या एका सरकारविरुद्ध नाही आणि नोंदपत्रक सगळ्यांना खुलं आहे.

भारताची गोष्ट जरा तिरपी आहे. परदेशी निरीक्षकांची फौज आपल्या निवडणुकीत येत नाही. निवडणूक आयोग पाहुणे बोलावतो. 2024 मध्ये 23 देशांचे 75 जण आले आणि महाराष्ट्र-गोव्यासह सहा राज्यांत फिरले. मतदानकेंद्रं पाहिली, व्यवस्थेचं कौतुक केलं, परत गेले. माध्यमांचा हिशेब त्या दौऱ्याचा विषय नव्हता. देशातच मात्र मोजणी होते. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीजच्या प्रयोगशाळेनं 2014 च्या निवडणुकीत प्रमुख वाहिन्यांच्या रात्रीच्या वेळेचा हिशेब मांडला, तेव्हा नरेंद्र मोदी यांना साधारण एक तृतीयांश वेळ मिळाल्याचं दिसलं, आणि राहुल गांधी यांना जेमतेम चार टक्के. महाराष्ट्राच्या 2009 च्या निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण तर कात्रणांच्याच बळावर उघड झालं. एकाच मजकुराचे लेख वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखे छापून आले होते, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ते शेजारी शेजारी ठेवून दाखवले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं नावानिशी 71 पानी अहवाल लिहिला. कौन्सिलनं आधी त्याचा सौम्य सारांशच जाहीर केला. पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये बाहेर आला.

परदेशी मोजणीचा भारताला खरा चटका बसतो तो ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या क्रमवारीचा. 180 देशांत भारत 2022 मध्ये 150 वा, 2023 मध्ये 161 वा, 2024 मध्ये 159 वा, 2025 मध्ये 151 वा. नमुना अत्यंत लहान आणि पद्धत शंकास्पद, असं केंद्र सरकारनं संसदेत वारंवार सांगितलं आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ही क्रमवारी मुख्यतः तज्ज्ञांच्या प्रश्नावलीवर उभी आहे आणि 2022 मध्ये तिची पद्धत बदलल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांची तुलना सांभाळूनच करावी लागते. शिवाय ती स्वातंत्र्य मोजते. पानावर काय छापलं ते मोजत नाही. पण पद्धत चुकीची आहे म्हणणाऱ्या याच सरकारनं 2020 मध्ये क्रमांक सुधारावा म्हणून एक समिती नेमली होती. साईनाथ त्या समितीत होते आणि अहवालाच्या मसुद्यावर त्यांनी भिन्नमतपत्रिका दिली. क्रमांक खोटा असेल तर तो सुधारायचा कशाला, हा प्रश्न कोणत्याही राजदूताला पडेल.

सरकारला मोजणीचं वावडं नाही, हेही लक्षात घ्यावं. दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटरमध्ये 2008 पासून शेकडो वाहिन्यांवर नजर ठेवली जाते. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्र शासनानं 10 कोटी रुपयांच्या तरतुदीचं माध्यम निरीक्षण केंद्र जाहीर केलं : सकाळी आठ ते रात्री दहा, छापील आणि दृक्‌श्राव्य बातम्या गोळा करायच्या आणि त्या सकारात्मक, नकारात्मक अशा लावायच्या. रकाने ‘मेमो 98’ च्याच जातीचे. फरक इतकाच की इथे सकारात्मक म्हणजे शासनाला सकारात्मक, आणि अहवाल वाचणारं शासनच.

उलट जॉर्जियासारख्या देशात युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पैशावर स्थानिक संस्था वर्षानुवर्षं निवडणूक-काळातल्या वाहिन्या मोजत आल्या आणि निष्कर्ष जाहीर सभेत, राजदूतांच्या उपस्थितीत मांडत आल्या. 2024 मध्ये तिथल्या संसदेनं 20 टक्क्यांहून जास्त परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना परकीय सत्तेचे हितसंबंध राखणाऱ्या म्हणून नोंद करायला लावणारा कायदा केला. 2025 च्या एप्रिलमध्ये परदेशी अनुदानाला सरकारची आगाऊ परवानगी सक्तीची झाली. हंगेरीत ‘मेर्तेक’ या संस्थेनं 2018 मध्ये चारशेहून जास्त माध्यमं एकाच सरकारधार्जिण्या प्रतिष्ठानाकडे कशी गेली याचा हिशेब ठेवला. 2023 च्या अखेरीस तिथे परकीय पैशाची चौकशी करणारं ‘सार्वभौमत्व संरक्षण’ कार्यालय उभारण्याचा कायदा झाला. राजदूतांपुढे उभं राहणं हीच आता या मंडळींविरुद्धची फिर्याद होते.

आणि ज्यांच्या पैशावर हे चालायचं त्यांचं काय? 2025 च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, जुलैपर्यंत यूएसएआयडी बंद झाली. त्या वर्षासाठी स्वतंत्र माध्यमं आणि माहितीच्या प्रवाहासाठी ठेवलेले सुमारे 26.8 कोटी डॉलर त्यात अडकले. माध्यम-निरीक्षणाच्या वाट्याला त्यातला लहानसा भागच येत असणार. पण हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाचा पगार त्या लहान भागातून निघे. काही संस्थांनी वाहिन्यांची संख्या कमी करायची, काहींनी यंत्राकडून आवाजाचा मजकूर करून घ्यायचा असे मार्ग धरले आहेत. यंत्र सेकंद बिनचूक मोजतं. पुलाचं उद्घाटन सरकारच्या खात्यात टाकायचं की प्रचाराच्या, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं, आणि त्याचा निकष समोरच्या राजदूताला आधी सांगावा लागतो.